मागून येणारं पोतेरं

कोणे एके काळी, नारळाच्या वाडीतल्या एका छोट्या चर्चमध्ये नवाकोरा फुलझाडू आला. आल्या दिवसापासून त्याला एकच कोडं पडलं होतं. फरशी कितीही झाडली, तरी वळून पाहावं तर मागे पांढरट भुसा असायचाच. मग म्हातारं पोतेरं, ज्याला सगळे मावशी म्हणत, येऊन तो मुकाट्याने पुसून घ्यायचं.

"हे त्या लंगड्या कुत्र्याचंच काम!" झाडू कडाडला. "चिखलाचे पाय आणि अंगाला चिकटलेला भुसा घेऊन येतं आणि क्रुसाखाली झोपतं. त्याला आत घेऊच नये."

"येऊ दे रे," मावशी म्हणाली. "पुसायला मी आहे ना."

झाडू बुचकळ्यात पडला. घाण एकाने करायची, पुसायची दुसऱ्याने, आणि वर राग म्हणून नाही!

एके दिवशी त्याने कुत्र्याला झोडपून हाकललं, दार लोटलं आणि कोपरान् कोपरा झाडला. वळून पाहतो तर भुसा तसाच! कुत्रं तर बाहेर; मग हा केला कोणी? गोंधळून तो गरगर फिरला, तसा आणखीच भुसा पडला. त्याच्याच अंगातून.

"मावशी, तुला ठाऊक होतं?"

"नव्या झाडूचा भुसा गळतोच, बाळा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर पुन्हा झाडायला धजला असतास?"

झाडूने जाऊन दार उघडलं. कुत्रं बिचकत आत आलं. त्याच्या चिखलाच्या पावलांवर भुसा सांडत झाडू निघाला, आणि दोघांच्या मागून मावशी.