गाडीवानानं दाद मागितली

फार वर्षांमागं, डोंगरउतारावर वसलेल्या एका गावात, पाणवठ्यावर एक बातमी अर्धीच राहिली.

"अगं, त्या गाडीवानाच्या बैलांनी म्हणे भर बाजारात एका म्हातारीला..." एवढं बोलून ती बाई थांबली. कारण तो गाडीवानच बैलांना पाणी पाजायला समोर येऊन उभा राहिला होता. बायांनी घागरी उचलल्या आणि नजर चुकवत घरची वाट धरली.

गाडीवानानं बैल पाण्यावर सोडले. त्याच्या बैलांच्या गळ्यात त्या दिवशी घुंगरमाळा नव्हत्या, म्हणजे बोलणं तर होणारच होतं.

त्या गावाचा एक नियम होता. बाजारपेठेतून गाडी न्यायची ती माणसाच्या चालीनं न्यायची. जो पळवेल त्याच्या बैलांच्या माळा वेशीवरचा नाकेदार काढून घेई आणि पुढल्या जत्रेपर्यंत चावडीत टांगून ठेवी. ऐकायला शिक्षा साधी वाटते. पण त्या गावात गाडी दिसायच्या आधी तिची घुंगरं ऐकू येत, आणि घुंगरांवरूनच कोण आलं ते लोक ओळखत. मुकी गाडी आली की पोरंसोरं मागं धावत आणि चिडवत, "आला बघा वाऱ्याचा पाहुणा."

शिक्षा पटली नाही तर न्यायसभेत दाद मागता येत असे. मात्र तिथं जो खोटा ठरेल, त्याची गाडी जत्रेपर्यंत बाजारात शिरायचीच बंद. त्यामुळे बहुतेक जण, चूक असो वा नसो, माळा काढून देत आणि गप्प बसत.

या गाडीवानाला गप्प बसणं जड जात होतं. त्याच्या भाचीचं, सगुणाचं, लग्न जत्रेच्या आधीच ठरलं होतं. नवरीला मांडवात आणायची ती मामानं, मामाच्याच गाडीतून. मांडव तर बाजाराच्या पलीकडे. मुक्या गाडीतून भाची न्यावी तर बहिणीला चार माणसांत मान वर करता यायची नाही. दाद मागून हरलो, तर गाडीच नेता यायची नाही. सगुणाला पायी चालवत नेणार होता की काय हा मामा?

आणि खरं सांगायचं तर बाजारात त्यानं गाडी पळवली नव्हती. त्यानं नुकताच एक बैल घेतला होता, चांद्या नावाचा. चांद्या तसा गुणाचा, पण माशी बसली की मान अशी झटकायचा की घुंगरांचा नुसता कल्लोळ. नाकेदार उन्हाकडे पाठ करून ओट्यावर बसायचा आणि घुंगरं ऐकूनच सांगायचा, ही गाडी चालतेय, ती पळतेय. गावाचा त्याच्या कानांवर फार भरवसा होता. त्या दिवशीही त्यानं ऐकलं, उठला, गाडी अडवली आणि माळा काढून घेतल्या.

संध्याकाळी शेजारीण ताकाचा तांब्या घेऊन आली. ताक हे निमित्त. तिला पाणवठ्यावरची बातमी कळली होती, आणि अर्धी बातमी तिच्या पोटात कधीच अर्धी राहत नसे. दुपारपर्यंत तिनं त्या म्हातारीचा पाय मोडला होता, मग हात मोडला होता, आणि कुणी फारच हळहळ दाखवली तेव्हा वैद्यही बोलावला होता. पण गाडीवानाचं तोंड बघून तिला वाईट वाटलं. तिनं सगळं विचारून घेतलं आणि पदर खोचला.

"भाऊ, तू दाद माग. मी येते साक्षीला. मी खिडकीत होते, गाडी अगदी हळू चालली होती, असं सांगते."

"आक्का, होता का तुम्ही खिडकीत?"

"नव्हते रे. पण एरवी असतेच की."

गाडीवानाला त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. त्यानं हात जोडले आणि साक्षीला नको म्हणून सांगितलं. दाद मात्र मागायची, हे त्यानं त्याच बैठकीत ठरवलं.

ठरवलं खरं, पण मनात एक खडा टोचत राहिला. वेशीबाहेर पडलं की रस्ता एकदम उतरतो, थेट खालच्या ओढ्यापर्यंत. त्या दिवशी माळा गेल्याच्या रागात त्यानं गाडी त्या उतारावरून तशीच खाली नेली होती. आणि उतरताना पाठीमागून कुणाची तरी हाक आली होती. त्यानं वळून पाहिलं नव्हतं.

न्यायसभेच्या दिवशी चावडीपुढं गर्दी जमली. न्याय द्यायला एक वृद्ध गृहस्थ बसत, गाव त्यांना अण्णा म्हणे. अण्णांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग नाकेदाराला विचारलं, गाडी पाहिलीस की ऐकलीस? नाकेदार जरा दुखावल्या आवाजात म्हणाला, ऐकली. इतकी वर्षं ऐकतोच आहे, कधी कुणी विचारलं नाही.

गाडीवानानं विनंती केली की माझ्या शब्दावर जाऊ नका; आजच्यापुरत्या माळा घालू द्या आणि गाडी चालवून पाहा.

अण्णांना ते पटलं. "तक्रार बाजाराची आहे," ते म्हणाले. "बाजारापुरती चालवलीस तरी माझं भागेल. कुठून कुठवर चालवायची, ते तूच सांग."

गाडीवान थांबला. बाजारापुरतं म्हटलं की जिंकल्यातच जमा होतं. गर्दीतून त्याची बहीण दोन्ही हातांनी खुणावत होती, बाजार, बाजार. शेजारीण तर ओठांनी तोच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत होती. त्यानं चांद्याच्या पाठीवर हात ठेवला. ती हाक त्याला पुन्हा ऐकू आल्यासारखी झाली.

"अण्णा, खालच्या ओढ्यापर्यंत," तो म्हणाला. "उतारासकट."

शेजारणीनं कपाळावर हात मारून घेतला.

गाडी निघाली. अण्णा काठी टेकत चाकाशेजारून चालू लागले. बाजारात गुळाच्या ढेपा होत्या, तिथल्या माश्या चांद्याला चिकटल्या आणि त्यानं मान झटकायला सुरुवात केली. घुंगरांचा असा गोंगाट झाला की लोक दुकानांतून बाहेर आले. नाकेदाराला त्याच्या नेहमीच्या जागी, पाठ करून बसवलं होतं. "पळतेय," तो ठामपणे म्हणाला. मग त्याला वळायला सांगितलं. अण्णा गाडीच्या बरोबरीनं रमतगमत चालले होते, त्यांना दमसुद्धा लागला नव्हता. नाकेदार बघतच राहिला. मग त्यानं मान खाली घातली. त्याला कुणी हसलं नाही.

पुढं वेस ओलांडली आणि उतार लागला. गाडीवानानं कासरा आवळून धरला होता, तरी मागून गाडीचं ओझं बैलांवर रेटायला लागलं. बैल आधी भरभर चालले, मग पळायलाच लागले. अण्णा दोन पावलं पळाले, तिसऱ्याला त्यांची वहाण निसटली आणि ते पागोटं सावरत तिथंच उभे राहिले. गाडी थांबली ती पार ओढ्यात.

ओढ्याकाठी एक म्हातारी बोरं विकायला बसली होती. ती धसक्यानं झुडपाला चिकटून उभी होती.

"त्या दिवशीपण असंच झालं," ती म्हणाली. "मी बाजूला झाले म्हणून वाचले. बोरांची पाटी गेली वाहत. हाक मारली तुला, लेकरा."

सगळं गाव उतरून खाली आलं होतं. गाडीवान खाली उतरला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"ऐकली होती, आजी. रागात होतो. वळलो नाही."

अण्णा खाली पोचले आणि त्यांनी जरा दम खाल्ला. मग आजीला विचारलं, तू सभेत का आली नाहीस? आजी म्हणाली, मला कुणी विचारलं? सगळे बाजाराचंच बोलत होते.

तिथंच ओढ्याकाठी निवाडा झाला. बाजारातला आळ खोटा, म्हणून चांद्याची माळ परत. उतारावरचा दोष खरा, म्हणून दुसऱ्या बैलाची माळ जत्रेपर्यंत चावडीत. दर बाजारी आजीला तिच्या पाटीसकट गाडीतून ने-आण करायची. उतारावर प्रत्येकानं गाडीमागं ओंडका बांधून उतरायचं, म्हणजे गाडी बैलांवर रेटणार नाही. आणि नाकेदारानं यापुढं कान खुशाल वापरावेत, पण उठून बघावं.

"उतार तू सांगितला नसतास तर मी आज तुला पुरतं निर्दोष सोडलं असतं," अण्णा परतताना उतारावर वहाण शोधता शोधता म्हणाले. "आणि कधीतरी इथंच आजी गेली असती."

लग्नाच्या दिवशी गाडी निघाली तेव्हा एका बैलाची घुंगरं वाजत होती आणि दुसरा मुका होता. बहीण रुसली होती ती रुसलीच. सगुणा मात्र, मामानं वाटेत आजीलाही गाडीत घेतलं तेव्हा सरकून बसली आणि मांडवापर्यंत दोघींनी मिळून बोरं खाल्ली.

पुढं पाणवठ्यावर बायांनी शेजारणीला गाठलं. काय गं, त्या म्हातारीला बैलांनी खरंच तुडवलं का? शेजारणीच्या जिभेवर वैद्य पुन्हा यायला बघत होता. तिनं तो गिळला.

"तुडवलं नाही कुणी," ती म्हणाली. "बाजारात तर काहीच झालं नाही. उतारावर मात्र ती थोडक्यात वाचली, आणि तिची पाटी गेली. एवढंच खरं."

एवढंच ऐकून बायांचा थोडा हिरमोड झाला, आणि त्या घागरी भरायला लागल्या.

मुलांनो, यातून घ्यायचं ते असं: आपल्यावरचा खोटा आळ झटकायला न्यायाच्या दारात जरूर जावं, पण जाताना आपली खरी चूक घरी लपवून ठेवून जाऊ नये.