पानूची मिटलेली तोंडं

उन्हानं जिथे दगडसुद्धा पांढरे पडतात, अशा एका माळावर मैना नावाची एक मुलगी शेळ्या राखायची. तिचे आईबाप खाणीत दगड फोडायला जात. मैनाजवळ दिवसभरासाठी अर्धी भाकर आणि एक तांब्या पाणी, बस. माळावर चिटपाखरूही नसायचं. तिनं शेळ्यांशी बोलून बघितलं, पण शेळ्या कुणाचं ऐकून घेतात होय?

तिची मैत्रीण एकच होती. काळ्या खडकाच्या खाचेत उगवलेलं इवलंसं, पोपटी, लुसलुशीत रोपटं. मैनानं तिला नाव दिलं होतं पानू. पानूच्या पानांना खालच्या बाजूनं हजारो तोंडं होती, टाचणीच्या टोकाहूनही बारीक. त्या तोंडांनी ती हवा खायची, उन्हावर आपलं जेवण शिजवायची आणि दिवसभर मैनाशी गप्पा मारायची. मैना तिला रोज आपल्या तांब्यातलं अर्धं पाणी द्यायची.

त्या वर्षीचा उन्हाळा मात्र फार वाईट होता. पानूनं तोंड उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन उडून जायचं. तिची पानं सुरकुतली, कडा तपकिरी झाल्या.

"बोलू नगंस. गप ऱ्हा," मैना म्हणायची.

"बोलले नाही तरी हवा खायला तोंड उघडावंच लागतं गं," पानू हळूच म्हणायची.

एका दुपारी तांब्यात शेवटचा घोट उरला. मैनाचा घसा कोरडा पडला होता, तरी तिनं तो पानूच्या मुळाशी ओतला. तेवढ्यात लांबवर झुळझुळणारं मृगजळ सरकत सरकत जवळ आलं आणि त्यातून एक चिमुकली परी उतरली. तिचा झगा रुपेरी होता, त्यावर निळ्या, शेंदरी, मोरपंखी लाटा हलत होत्या आणि पंखांवर उन्हाचे कण चमचमत होते.

"मी मृगजळातली परी," ती म्हणाली. "एक इच्छा माग, बाळ. पण नियम ऐक. दिलेलं मी आपणहून परत घेत नाही, आणि मिळेल त्याच्या बदल्यात तुझं काहीतरी जाईल."

"मला कायबी नको, परीबाई. माजी पानू तेवढी जगू दे."

"मग मी तिला दिवसा तोंडं मिटायला शिकवते. रात्रीच्या गारव्यात ती तोंडं उघडेल, पोटभर हवा घेईल आणि तिचा आंबट रस करून पानांत साठवेल. दिवसा तोंडं बंद ठेवून तोच रस उन्हावर शिजवेल. मग पाणी उडणार नाही. पण मैना, असं झालं की..."

"द्या की लवकर," मैना म्हणाली.

पानू नेमकी तेव्हाच म्हणत होती, "मैना, तुला एक सांगू का," आणि तिची हजारो तोंडं एकदम मिटली. मला विचाराल तर काय जाणार ते परीनं आधी सांगायला हवं होतं. पण पऱ्यांना घाई असते, आणि मैनाला तर त्याहून जास्त.

पानू जगली. तिची पानं जाडजूड, रसाळ झाली. फक्त ती बोलेना. रात्री माळावर जावं, तर आई म्हणाली, "तिथं रातचं लांडगं फिरत्यात. पाऊल टाकून तर बघ." एकदा सकाळी एका शेळीनं पानूचं पान चाखलं आणि आंबट लागल्यासारखं तोंड वाकडं करून थुंकून टाकलं. तेव्हा मैनाला परीनं सांगितलेला आंबट रस आठवला आणि कळलं, पानू खरंच रात्रभर तोंड उघडून असते. बोलतही असेल, आणि ऐकायला कुणी नसेल. त्या दिवशी मैना खडकाला टेकून खूप रडली.

उन्हाळा सरता सरता परी पुन्हा आली.

"तुझी मैत्रीण तुझ्याशी बोलत नाही, तरी तू रोज तिला पाणी देतेस," ती म्हणाली. "आणखी एक इच्छा माग. म्हणशील तर पानू दिवसा बोलेल."

मैनानं माळावरच्या वाळून कोळ झालेल्या झुडपांकडे पाहिलं. "मग ती वाळंल का?"

"वाळेल."

मैनानं पानूच्या जाड पानांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तर नको. पन रातची ती एकटी असती. तिला बोलायला कुनीतरी द्या."

परीचे डोळे भरून आले. तिनं पानूच्या पानांच्या कडेवरून बोट फिरवलं, तशी प्रत्येक खाचेतून एकेक चिमुकलं, पोपटी बाळरोप डोकावलं. म्हणूनच तर लोक तिला पानफुटी म्हणतात. मग परीनं एक पान अलगद खुडून मैनाच्या ओंजळीत ठेवलं. "हे तुझं. घरात खुंटीला बांधून ठेव." एवढं बोलून ती हसली आणि लखलखीत उजेड झाला. मैनानं डोळे उघडले तेव्हा माळावर नुसतं ऊन होतं.

खुंटीला बांधलेल्या त्या पानाला ना माती होती ना पाणी, तरी त्याच्या कडेला एक बाळ फुटलं. दिवा मालवल्यावर मैना रोज कान लावून पडायची. शेवटी एकदा अंधारात बारीक बारीक तोंडं उघडली.

"पानू," मैना म्हणाली.

मग अगदी पानूच्याच आवाजात कुणीतरी विचारलं, "तू कोण?"

मैनाला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तिनं डोळे पुसले आणि ती पानाच्या जवळ सरकली.

"मी मैना," ती म्हणाली. "तुजी आई माज्यासंगं दिवसा बोलायची."