घरजावई कोल्ह्याचा हळुवार चावा

बालमित्रांनो, जंगल संपून माळ सुरू होतो अशा एका जागी एक म्हातारा कोल्हा राहत असे. इतर कोल्हे गावात शिरून कोंबड्या चोरत. याने त्या स्वतःच पाळल्या होत्या. काटेरी कुंपण, खुराडे, पुढे अंगण, सगळे नीटनेटके. पण वयोमानाने त्याचे दात पडले, आणि दात नसलेल्या कोल्ह्याने कोंबड्या पाळणे ही नुसती समाजसेवा झाली. म्हणून त्याने लेकीसाठी घरजावई शोधला. मुलाचे दात तेवढे पाहून घेतले, बाकी काही विचारले नाही.

जावई कामाला वाघ निघाला. उजाडताच तो शेपटीने अंगण झाडी, ओढ्यावरून करवंटीने पाणी आणी, वारूळ उकरून कोंबड्यांना वाळवी खाऊ घाली. मात्र सासरा "आज एक कोंबडी मारू या" म्हणाला, की तो म्हणे, "मामा, आधी एवढे अंगण झाडून घेतो." आणि झाडलेले अंगण पुन्हा झाडायला लागे. घरात सगळे बोरे आणि खेकड्यांवर दिवस काढत. इतके स्वच्छ अंगण आणि इतकी रिकामी पोटे साऱ्या जंगलात दुसरीकडे नव्हती.

पुढे कोल्हीण व्याली, आणि खायला धड नसल्यामुळे तिचे दूध आटू लागले. ती नवऱ्याला म्हणाली, "पिल्ले नुसती लुचतात आणि रडतात. तुमच्या झाडलोटीने माझ्या अंगावर दूध येत नाही!" मग सासऱ्याने त्याला जवळ बसवून सांगितले, "जावईबापू, कोंबडी आधी डालग्याच्या टोपलीखाली वेगळी ठेवा. मग कुंपणामागे न्या, बाकीच्यांच्या नजरेआड. डोळे उघडे ठेवा. मानेवर, डोक्याच्या लगेच मागे, एकच चावा. आणि मनात दया आली, तर जोर वाढवा."

म्हातारपणी मन असे दगडाचे होते, असे म्हणत जावई उठला. त्याने भर अंगणात, सगळ्यांच्या देखत एक कोंबडी धरली. "बाई, माझा नाइलाज आहे, क्षमा असावी," असे छोटेसे भाषण केले, डोळे मिटले आणि तिला दुखू नये म्हणून अगदी हळुवार चावा घेतला. तो मानेऐवजी पंखावर बसला. कोंबडी किंचाळत, मोडका पंख ओढत त्या स्वच्छ अंगणभर धावत सुटली. ते पाहून निम्म्या कोंबड्या कुंपणावरून उडून पळाल्या. पलीकडच्या रानबोक्यांना भाषण वगैरे येत नव्हते. त्यांनी त्या खाऊन टाकल्या.

जखमी कोंबडी काट्यांत अडकून पडली होती. जावई जवळ आला तेव्हा ती धापा टाकत म्हणाली, "जावईबापू, मरण तर ठरलेलेच होते. त्यात तुमची ही दया कशाला कालवलीत?" त्याने या वेळी डोळे उघडे ठेवले, सासऱ्याने सांगितलेल्या जागी दात रोवले आणि जोर लावला. कोंबडी तत्क्षणी शांत झाली.

कोल्हीण पोटभर जेवली, पिल्ले दूध पिऊन झोपली. जावई मात्र त्या दिवशी जेवला नाही.

पुन्हा गरज पडली, तेव्हा त्याने न सांगताच एक कोंबडी डालग्याखाली ठेवली आणि वेळ होताच कुंपणामागे नेली. अंगणात बाकीच्या दाणे टिपत होत्या. एकीनेही मान वर केली नाही. परत येऊन तो सवयीने शेपटी सावरून झाडायला लागला, तोच म्हातारा उठला. "राहू द्या, जावईबापू," तो म्हणाला, "अंगण आता मी झाडतो. शेपटी अजून शाबूत आहे माझी."

तात्पर्य : कठोर काम करणे भागच असेल तर ते डोळे उघडे ठेवून नीट करावे; अर्धवट दयेने फक्त करणाऱ्याचे मन राखले जाते, दुखणे मात्र दुसऱ्याच्या वाट्याला येते.