मधल्या धारेतला थांबा

कुठल्या राज्यात ते विचारू नका, पण फार फार वर्षांपूर्वी एका रुंद नदीकाठी नावाड्यांचं गाव होतं. नदी मोठी लहरी. आज जिथे डोह, तिथे उद्या वाळू. म्हणून तिथे एक रीत होती. समोरासमोर आलेल्या दोन नावा मधल्या धारेत थांबायच्या, नावाडी एकमेकांच्या नावेची कड धरायचे आणि वाटेत जे पाहिलं ते सांगायचे. मगच पुढे जायचं.

गावाला नवा नायक मिळाला. माणूस हुशार, पण भारी उतावळा. थांबलेल्या नावेत उतारू कुरकुरतात, हे त्याला खुपायचं. त्याने घाटाच्या भिंतीवर नदीचं चित्र काढून घेतलं. खोल कुठे, उथळ कुठे, सगळं रंगवलेलं.

"आता भिंत बघा आणि निघा," त्याने फर्मावलं. "धारेत गप्पा बंद."

एक म्हातारा नावाडी हळूच म्हणाला, "नायक, भिंत चांगलीच आहे. पण नदी काय भिंतीला विचारून वळते?"

नायक हसला. खेपा दुप्पट झाल्या, तसा तो स्वतःवरच खूश झाला.

पावसाळा सरताना पुरात वाहून आलेलं एक झाड धारेत, पाण्याखाली अडकलं. त्याच सुमारास नायकाची एकुलती लेक दिवाळसणाला माहेरी यायला निघाली. तिला आणायला गेलेला नावाडी महिनाभर तापाने अंथरुणाला खिळून होता, त्या दिवशीच कामावर आलेला. निघताना त्याने भिंत नीट पाहिली. भिंतीवर धार मोकळी होती.

नाव झाडावर आदळून फुटली. नावाडी पोहून काठाला लागला. लेक लागली नाही.

नायकाने सगळ्यांना घाटावर बोलावलं. त्याने विचारलं, "ते झाड कुणी कुणी पाहिलं होतं?"

एक हात वर झाला. मग दुसरा. बघता बघता सात झाले.

"मग सांगितलं का नाही रे?"

"कधी सांगणार, नायक?" म्हाताऱ्याने मान खाली घातली. "थांबायची बंदी होती. आणि ज्याला त्याला वाटलं, भिंतीवर आलं असेल."

नदीने पोर नेली, असं गाव म्हणायचं. आपणच तिला बुडवलं, हे नायकाला ठाऊक होतं, आणि त्याचं काळीज तुटत होतं. त्याने बंदी उठवली. नावा पुन्हा धारेत थांबू लागल्या, पण नावाडी कड धरून नुसते एकमेकांकडे बघत बसायचे. सांगायची सवय मोडली होती, ऐकायचीही. पुढच्या वर्षी आणखी दोन नावा बुडाल्या.

तेव्हा लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: जे एकाला कळलं ते दुसऱ्यापर्यंत नेणारी रीत मोडली, की जाणत्यांचं गावही बुडतं.