पळसावरची हाळी

त्या माळावर लपायला झाड नव्हतं. एकुलता एक पळस होता, आणि त्यावर कोतवाल पक्ष्याचं घर होतं. बाकीची पाखरं उघड्यावर, जमिनीवरच अंडी घालत. ती अंडी मातकट, ठिपक्याठिपक्यांची, अवतीभवतीच्या खड्यांसारखीच दिसायची. त्याचं कुणाला कौतुक नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं.

कोतवालाकडे एकच काम होतं. उंचावर बसून चहूकडे नजर ठेवायची आणि संकट दिसलं की हाळी द्यायची. तो "घार!" म्हणाला की पिल्लं दबून बसत. "मुंगूस!" म्हणाला की टिटवा पंख मोडल्याचं सोंग घेऊन लंगडत पळे आणि मुंगसाला भलतीकडे नेऊन सोडे. कोतवालाचा शब्द कधी खोटा पडला नव्हता. त्यामुळे तो जे बोलेल ते खरंच, अशी साऱ्या माळाच्या कानांना सवय झाली होती.

त्या उन्हाळ्यात कोतवाल अंगाने बराच भरला. एरवी एकेका किड्यामागे हवेत कोलांट्या मारणारा पक्षी, आता दिवसभर फांदीवरच दिसायचा. मग तो खातो तरी काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष तो काय बोलतो याकडे होतं. आणि तो हल्ली हाळीच्या शेवटी थोडं जास्त बोलत होता.

"घार गेली हो! आता ऐका. पलीकडच्या देवळाच्या शिखरात कबुतरिणीची अंडी पाहिलीत का? पांढरीशुभ्र! ठिपका म्हणून नाही! आणि तुमची? अजून मातकटच?"

टिटवीने हे ऐकलं तेव्हा ती बांधाजवळच्या खळग्यात आपल्या चार अंड्यांवर बसली होती. ही तिची पहिलीच वीण. ती उठली आणि अंड्यांकडे पाहू लागली. रोजही ती पाहायची, पण चारही जागेवर आहेत ना, एवढंच. आज तिने रंग पाहिला, आणि तिला उगाचच लाज वाटली.

ओढ्याच्या काठी पांढरी माती होती. आजवर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता तिथे रांग लागली. सगळ्यांत पुढे चंडोलकाकू. संध्याकाळी कोतवालाने पळसावरून पुकारलं, "आजची शुभ्र अंडी! मोठ्या वारुळाच्या उजव्या अंगाला, चंडोलकाकू! शाब्बास, काकू!"

आपलं नाव असं माळभर घुमलेलं ऐकून चंडोलकाकू त्या संध्याकाळी जमिनीवर चालल्याच नाहीत, नुसत्या तरंगल्या.

"आपणही रंगवू या," टिटवी नवऱ्याला म्हणाली.

"माझ्या आईने असल्याच अंड्यांतून आम्हा सगळ्यांना वाढवलं," टिटवा म्हणाला.

"तुमच्या आई स्वतःचीच अंडी शोधत अर्धा दिवस हिंडायच्या. तुम्हीच सांगितलंत."

"हो. आणि मुंगूस आख्खा दिवस हिंडायचं."

टिटवीला हे बोलणं फार जुनाट वाटलं. ती गेली, चोच भरभरून माती आणली, आणि चारही अंडी अशी सारवली की एक ठिपका दिसू दिला नाही. संध्याकाळी पळसावरून आवाज आला, "बांधाच्या पूर्वेला, काळ्या धोंड्याच्या पुढे, टिटवीबाई! चार अंडी! काय चकाकतात! इथून दिसतात हो, इथून!" आनंदाने टिटवीला खाण्यापिण्याची शुद्ध राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंडोलकाकूंचा खळगा रिकामा होता.

"चंडोलकाकूंची अंडी एवढी नावाजली," कोतवालाने जाहीर केलं, "की सकाळपर्यंत एकही उरलं नाही!" पाखरांनी माना डोलावल्या. एकदोघींना तर हेवा वाटला.

"नावाजली म्हणजे काय गं?" चंडोलकाकू टिटवीपाशी येऊन रडत विचारत होत्या. "नेली कुणी? मला एवढंच सांग, नेली कुणी?"

 टिटवीने पंख पसरले आणि कोतवाल जेवढ्या उंचीवरून पाहतो तेवढं वर जाऊन पहिल्यांदाच आपल्या घराकडे पाहिलं. सगळा माळ मातीच्या रंगाचा होता, आणि त्यात चार पांढरे ठिपके झगझगत होते. पळसाच्या बुंध्यापासून एक मुंगूस निघालं होतं. मुंगूस नेहमी इकडे हुंग, तिकडे उकर असं करत फिरतं. हे सरळ चाललं होतं, पत्रिका मिळालेला पाहुणा मांडवाकडे निघावा तसं.

"सावधान! मुंगूस आलं आहे," वरून हाळी आली. मग कोतवालाने घसा साफ केला. "पण त्याआधी, ज्यांची अंडी अजून मातकट आहेत त्यांच्यासाठी एक आनंदाची बातमी..."

टिटवा बातमी ऐकायला थांबला नाही. तो मुंगसाच्या पुढ्यात जाऊन कोसळला. एरवी तो एक पंख मोडायचा. आज त्याने दोन्ही मोडले, शिवाय एक पायही. मुंगसाने त्याला वळसा घातला आणि तेवढ्याच चालीने पुढे गेलं.

टिटवी डबक्याकडे झेपावली. उन्हाच्या दिवसांत ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून यायची आणि अंड्यांना गारवा द्यायची. आज ती पाण्यात शिरली नाही, काठच्या चिखलातच लोळली. तशीच परत आली, अंड्यांवर बसली आणि जीव खाऊन पोट घासू लागली. पांढरं गेलं, मातकट आलं. ती चार पावलं बाजूला झाली न झाली, तोच मुंगूस काळ्या धोंड्यापाशी पोचलं.

ते थांबलं. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. त्याचा एक पंजा अगदी एका अंड्याला खेटून टेकला.  मुंगसाने मान वर करून पळसाकडे पाहिलं, पत्ता चुकला की काय असं.

कोतवालानेही मान लांबवली. "तिथेच!" तो ओरडला. "तिथेच आहेत कुठेतरी!"

हे सगळ्या माळाने ऐकलं. मुंगूस बराच वेळ खड्यांमध्ये घुटमळलं, एक नाकतोडा तोंडात टाकला आणि परत फिरलं.

टिटवीने टिटव्याला अंड्यांवर बसवलं, आणि चिखलाने भरलेल्या पोटानिशी ती तडक पळसाखाली गेली. कोतवालाला तोंडावर विचारायचं तिने ठरवलं होतं. बुंध्याशी लठ्ठ नाकतोड्यांचा ताजा ढीग होता, उडून जाऊ नयेत म्हणून पाय मोडून ठेवलेले. ढिगाभोवती मातीत मुंगसाची पावलं उमटली होती.

तिने वर पाहिलं. फांदीच्या बेचक्यातून कोतवालीण नुकतीच उठली होती. घरट्याच्या विरळ काड्यांमधून अंडी दिसत होती. तांबूस ठिपक्यांची, फांदीच्या सालीत मिसळून जाणारी. पांढऱ्या मातीचं त्यांना बोटही लागलं नव्हतं.

"अहो," कोतवालीण म्हणत होती, "हाळी द्यायची ती द्या, पण आधी ते पान जरा इकडे ओढा. आपली अंडी खालून दिसतायत."

कोतवालाने पान नीट ओढून घेतलं आणि सगळीकडून चाचपून पाहिलं. मग तो शेंड्यावर गेला, छाती फुगवली, आणि उघड्या माळाकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाला, "ऐका हो! लपवता कशाला? सगळ्यांना दिसू द्या!"