मनगटावरची तीन बोटं

“याहून गरम औषध कुठलं, गुरुजी?”

फांग अजून बसलाही नव्हता. एक पाय ओसरीवर, एक खालच्या पायरीवर, आणि तोंडात हा प्रश्न.

म्हातारे तान वैद्य मांडीवर सूप घेऊन सुंठ निवडत होते. किडलेले तुकडे एका बाजूला, चांगले दुसऱ्या बाजूला. त्यांनी मान वर केली नाही. आधी बस म्हणाले.

फांग बसला. त्याची बायको सूयिन मागून आली आणि खांबाला धरून उभी राहिली. नदी होडीने ओलांडून, मग टेकडी चढून दोघं आली होती. तान वैद्यांनी तिला चटई दाखवली, तेव्हा ती टेकली. हात तिने बाह्यांत ओढून घेतले होते. थंडी तर काही नव्हती.

फांग त्यांचाच शिष्य. विद्या घेऊन तो खालच्या शहरात गेला आणि मोठा वैद्य झाला. मूल होत नाही अशा बायका लांबलांबून त्याच्याकडे यायच्या. त्या मुलखात घरी मूल झालं की अंडी लाल रंगवून वाटतात. फांगच्या दारात अशी अंडी टोपल्या भरून यायची. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र अंडं रंगवायची वेळ आली नव्हती.

बाजारातल्या बाया हसायच्या. म्हणायच्या, हा वैद्य दुसऱ्यांची अंडी खाऊनच म्हातारा व्हायचा.

बायांचं हसणं त्याने सोसलं असतं. पण आता त्याच्या आईने शब्द टाकला होता. वसंतात पूर्वजांची थडगी झाडायला सगळं घराणं जातं. तेव्हा सुनेचं पोट दिसलं पाहिजे, नाहीतर नवी सून घेऊनच मी थडग्यापाशी जाईन, असं ती म्हणाली होती. मुलगी पाहूनही ठेवली होती म्हणे. मीठवाल्याची.

आणि वसंत आता दाराशी आला होता. टेकडीवरच्या जर्दाळूला कळ्या धरल्या होत्या. येताना फांगने त्यांच्याकडे बघायचं टाळलं होतं.

हे सगळं त्याने भरभर सांगितलं. मधे थांबला नाही. बायको ऐकते आहे याचंही त्याला भान नव्हतं.

तान वैद्यांनी विचारलं, तिची नाडी काय म्हणते?

“संथ,” फांग म्हणाला. “खोल आणि संथ. रोज पहाटे ती उठायच्या आधी बघतो. एक दिवस चुकवलेला नाही. गर्भाशय गार आहे, गुरुजी. माझी खात्री आहे.”

मग काय काय दिलं, तेही त्याने सांगितलं. दालचिनीची साल दिली. सुंठ दिली. मग हरणाच्या शिंगाची पूड. पोटाजवळ वाळला पाला जाळून त्याची धग तर दोन्ही वेळा. तरी नाडी संथच. उलट दिवसेंदिवस जास्तच संथ.

तान वैद्य पहिल्यांदाच सूयिनकडे वळले. झोप येते का, सूनबाई, असं विचारलं.

तिच्याआधी फांगच बोलला. झोप नाही म्हणाला. तोंड कोरडं पडतं. वाटी आपटली तरी दचकते, कधी उगाच रडते. पण ते औषध आत लढतंय म्हणून.

“मी सूनबाईला विचारलं,” तान वैद्य म्हणाले.

सूयिन हलकेच म्हणाली, येत नाही झोप.

तान वैद्यांनी सुंठेचं सूप बाजूला सारलं. बाही वर केली आणि आपलं सुकलेलं मनगट शिष्यापुढे धरलं.

“बघ बरं.”

फांग चपापला. गुरूची नाडी शिष्याने बघायची? पण हात पुढे आला होता. त्याने तीन बोटं टेकवली.

आता या वैद्यांची रीत अशी. त्यांच्यापाशी घड्याळ नसतं, माप नसतं. वैद्याचा स्वतःचा श्वास हेच माप. त्याचा एक श्वास आत जाऊन बाहेर येईपर्यंत रोग्याची नाडी चार-पाचदा उडाली तर ठीक. कमी उडाली तर संथ, म्हणजे अंगात गारवा. जास्त उडाली तर उष्णता. एवढंच आहे ते. शिष्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

फांगने मोजलं. पुन्हा मोजलं. त्याचा चेहरा उतरला.

“गुरुजी… तुमची नाडी फार संथ आहे.”

“हो का?”

“तुम्ही आजारी आहात. तुम्हाला कळलं कसं नाही? अंगात गारवा भरलाय. मी आत्ताच काढा चढवतो.”

“तुझ्या बायकोसारखीच का?”

“तशीच.”

तान वैद्यांनी हात काढून घेतला नाही आणि काढाही मागितला नाही.

तेवढ्यात खालून गुओ हमाल वर आला. पाठीवर मिठाची गोण. वैद्यांच्या घरचं मीठ तोच आणून टाकायचा. त्याने धपकन गोण टाकली आणि ओसरीला टेकून उभा राहिला. घामाने नुसता निथळत होता.

तान वैद्यांनी त्याला हाक मारली. म्हणाले, ये रे, शहरातले मोठे वैद्य आलेत, जरा हात दाखव.

गुओ म्हणाला, मला काही झालेलं नाही, पण फुकट असेल तर दोन्ही हात दाखवतो.

त्याने हात पुसून पुढे केला. फांगने बोटं ठेवली. आता त्याच्या कपाळालाही घाम आला होता. गुरूचं दुखणं मनात, आईचा शब्द मनात, वसंत दाराशी. त्याने डोळे मिटून मोजलं.

“शांत आहे,” तो म्हणाला. “काही दोष नाही.”

गुओने त्याच्याकडे पाहिलं. मग तान वैद्यांकडे पाहिलं.

“शांत? अहो वैद्यबुवा, काळीज घशात आलंय माझं. गोण घेऊन टेकडी चढलोय मी. छातीवर हात ठेवा, कुत्रं मागे लागल्यासारखं पळतंय.”

फांगने बोटं उचलली नाहीत. डोळे मात्र उघडले.

ओसरीवर आवाज होता तो दोघांच्या धापांचा. एक गुओची. तो चढून आला होता. आणि दुसरी… दुसरी धाप फांगची होती. तो तर केव्हाचा बसलेला होता.

ज्याचा स्वतःचा श्वास आखूड, त्याच्या एका श्वासात कोणाची नाडी कितीदा उडणार? त्याला सगळ्यांच्याच नाड्या संथ लागणार. गुरूची लागली, हमालाची पळती नाडीही शांत लागली, बायकोची रोज पहाटे संथ लागत होती. काळजी वाढली तसा श्वास आणखी तुटत गेला. तसतशी तिची नाडी त्याला आणखी संथ लागली, आणि तसतशी शिंगाची पूड वाढली.

फांगला हे कोणी सांगितलं नाही. तो मोठा वैद्य होता, त्याला तेवढं पुरलं.

गुओ आपला हात सोडवून घेऊन पाणी प्यायला मागच्या दारी गेला.



मग तान वैद्यांनी सूयिनला विचारलं, “सूनबाई, हा रोज पहाटे तुझा हात धरतो, तेव्हा तू काय करतेस?”

ती खाली बघत राहिली. फांगही तिच्याकडेच बघत होता.

“जागीच असते मी,” ती म्हणाली. “यांची पावलं ऐकू आली की श्वास धरून ठेवते. आज तरी चांगली लागू दे म्हणते… मग हे बोटं काढतात आणि काही न बोलता जातात.”

“आणि?”

“आणि काही नाही.” तिने हात बाह्यांत आणखी आत ओढले. “एरवी हे माझ्या हाताला हात लावत नाहीत. बरीच वर्षं झाली.”



फांग गुरूच्या पायांशी सरकला. म्हणाला, आता तुम्हीच तिची नाडी बघा. माझ्या बोटांवर माझा भरवसा नाही राहिला. खरं काय ते तुम्हीच सांगा, त्याप्रमाणे औषध करू.

तान वैद्यांनी मान हलवली. म्हणाले, आज तिला कोणी तपासायचं नाही. मीही नाही. गरम काढे सगळे बंद. आता आत जाऊन तिने झोपावं, जाग येईल तेव्हा येईल.

सूयिन उठली. ओसरीच्या टोकाशी क्षणभर थांबली, जणू कोणी परत बोलावील. कोणी बोलावलं नाही. ती आत गेली.

फांग दाराकडे बघत राहिला. आवाज अगदी खाली आणून त्याने विचारलं, “मूल होईल का, गुरुजी?”

“मला ठाऊक नाही.”

“पण काळजी गेली तर… झोप लागली तर…”

“झोप लागली तर झोप होईल. पुढचं मला ठाऊक नाही.”

फांगला हे उत्तर सोसेना. त्याचा श्वास पुन्हा वर आला. आई वाट बघते आहे, तो म्हणाला. घरी गेलो की दारातच विचारेल, वैद्यांनी काय सांगितलं. मीठवाल्याकडे निरोप जायचाच बाकी आहे. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. रोग अजून हाती लागत नाही, एवढंच आजवर सांगत आलो. आता काय सांगू?

तान वैद्यांनी सुंठेचं सूप परत मांडीवर घेतलं.

“सांग, रोगी सापडला.”