कळकलेलं ताक

“मग वाईट कोण, महाराज? ताक की पातेलं?”

वामदेव विचारत नव्हता, भांडत होता. बोचकं बांधून काखेत मारलेलं होतं. हाकलण्याआधी आपणच निघालेलं बरं.

मठाच्या अंगणात पंगत खोळंबली होती. कढीसाठी पितळी पातेल्यात रात्रभर ठेवलेलं ताक सकाळी हिरवट पडलं होतं. कळकलं होतं. आणि पातेलं घासलं होतं वामदेवानं.

जाणत्या मंडळींनी तोंड सोडलं होतं.

“हाकला कार्ट्याला!” चिंतोपंत ओरडले. मग हळूच म्हणाले, “फडक्यातून गाळून घेतलं तर चालेल ना?”

“गूळ टाका,” आणखी एका म्हाताऱ्यानं अक्कल पाजळली.

भानुगिरी महाराज वैतागले. “पाण्यात मीठ विरघळलं, तर पाणी आटवून मीठ परत मिळतं. हे तसं नाही हो! आंबटानं पितळ खाल्लंय. दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी झालंय, विषारी. गाळता काय? कपाळ?”



“ताक चांगलं होतं,” महाराज वामदेवाकडे वळले. “पितळही चांगलं.”

“मग?”

“मधली कल्हई कुठंय?”

वामदेवाला कालची घासणी आठवली. आतला तो करडा, मळकट थर... तो त्याला मळच वाटला होता. चिंच, राख, विटेची भुकटी. हात सोलवटेपर्यंत घासलं होतं. मठात आल्यापासून पहिली शाबासकी कालच मिळाली होती, त्या पातेल्यापायी.

“यांनीच वाहवा केली!” तो उसळला. “हेच चिंतोपंत म्हणाले, आतून सोनं केलंस पोरा! जन्म गेला यांचा पितळेतलं जेवण्यात, एकालाही कल्हई आठवू नये? आणि तुम्ही, महाराज! तुम्हीही काल आत डोकावलात. गुरू ना तुम्ही? तुम्हालाही दिसलं नाही?”



महाराज उठले. सगळं ताक खड्ड्यात ओतलं. पंगत हळहळली. मग पातेल्याची एक कडी स्वतः धरली, दुसरी वामदेवापुढे केली.

“चल. कल्हईवाल्याकडे.”

वामदेव जागचा हलला नाही. पातेलं जड होतं. बोचकं खाली ठेवल्याशिवाय कडी धरता येणार नव्हती.

“दिसलं होतं का नाही? सांगा!”

“दिसलं होतं,” महाराज म्हणाले. “पण काय लखलखत होतं रे...”